साडूंच्या घरातला पेनड्राइव्ह

आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता आणि साडूंच्या घरात होता. एवढ्या साध्या वाक्यात सांगून संपणारी ही गोष्ट आहे, पण त्या वर्षी ती माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं लग्न आमच्या आधीचं. त्यामुळे नव्वदच्या दशकात मी जावई म्हणून सासुरवाडीच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं, तेव्हा तिथली जावयाची खुर्ची आधीच भरलेली होती. ते फौंड्रीत सुपरवायझर होते, पुढे मॅनेजर झाले. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस. त्यांचा आवाज मोठा, हसणं मोठं, आणि कुणाच्याही घरात गेले तरी पंख्याचं बटण कुठं आहे हे त्यांना न विचारता कळायचं. गावच्या जत्रेला पंगत बसली की सासरे स्वतः वाढायला उठायचे. मटणातली नळी कुणाच्या ताटात पडायची हे सांगायला नको. माझ्या ताटात रस्सा भरपूर असायचा. "घ्या की पावणं, लाजू नका," असा आग्रह मला साडूच करायचे, नळी ताटावर ठोकत ठोकत. एका पाहुण्यानं दुसऱ्या पाहुण्याला आग्रह करावा, यासारखी अंगावर येणारी गोष्ट नाही.

आणि काहीही अडलं की बायकोच्या माहेरी एकच वाक्य असायचं, "दाजींना विचारूया." बोअरचं पाणी कमी झालं, दाजींना विचारूया. मेहुण्यानं कुठल्या कॉलेजात जावं, दाजींना विचारूया. ते वाक्य हळूहळू आमच्या घरातही आलं. मिक्सर बंद पडला तरी बायको आधी बहिणीला फोन करायची. मिक्सर मला दुरुस्त करता येत होता. मी एकदा केलाही होता.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीची पहिली वर्षं तिनं गगनबावड्याकडच्या एका वाडीवर काढली. तिथं पावसाळ्यात छत्री ही नुसती हातात धरायची वस्तू असते, उपयोगाचं ते डोक्या-पाठीवर घ्यायचं इरलंच. पावसात पोरं शाळेत येत नाहीत हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण किती येत नाहीत, मुली जास्त गळतात की मुलगे, ओढ्याच्या अलीकडची किती आणि पलीकडची किती, हे कुणी मोजलं नव्हतं. पुढे कोल्हापूरजवळ बदली झाल्यावर तिनं एम.एड.ला नाव घातलं आणि लघुप्रबंधाला हाच विषय घेतला. मला तो ऐकताक्षणी आवडला. त्यात हिशेब होता.

हजेरीची टक्केवारी मी काढली. रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. ती आकडे वाचायची, मी कॅल्क्युलेटरवर बेरीज घ्यायचो, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. दोन्ही जमल्या तरच आकडा लिहायचा. आमच्या संसारातले ते रविवार मला फार आवडले होते. आमच्या घरातल्या एका तरी कामात तिला माझी गरज होती आणि दाजींची नव्हती.

मग टायपिंगची वेळ आली. बाहेर टाइप करून घेतलं तर चुका फार होतात, म्हणून तिनं स्वतःच मराठी टायपिंग शिकायचं ठरवलं, आणि शाळा सुटली की ती बहिणीकडे जायला लागली. साडूंनी तिला फाँट घालून दिला, कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण एके दिवशी ती घरी आली ती नाचतच. साडूंनी माझ्या टक्केवारीचे आलेख करून दिले होते. निळे, तांबडे, हिरवे स्तंभ. पाच मिनिटांत केले म्हणे. मार्गदर्शक बाईंना ते इतके आवडले की त्यांनी दुसऱ्या विद्यार्थिनींना बोलावून दाखवले.

"कुणी केले म्हणून विचारलं. म्हटलं, आमच्या दाजींनी," बायको म्हणाली.

"आणि आकड्यांबद्दल काय म्हणाल्या?"

"आकड्यांबद्दल?" तिनं जरा आठवून बघितलं. "काही नाही. बरोबर होते ना ते."

हिशेबनिसाचं असंच असतं. चूक निघाली तरच त्याचं नाव निघतं.

हे सगळं लेखन एका पेनड्राइव्हमध्ये होतं. करंगळीएवढा, काळ्या प्लॅस्टिकचा, पुढे टोपण. तिनं तो स्वतः जाऊन विकत आणला होता आणि ती तो सोनाराकडच्या चेन लावलेल्या छोट्या पिशवीत ठेवायची. तिची कामाची एक पद्धत होती. बहिणीकडे ती पेनड्राइव्ह लावूनच काम करायची, आणि उठताना त्यांच्या कॉम्प्युटरवर आपलं काही राहिलं असेल तर ते शोधून पुसून टाकायची. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायला की कपबशी विसळून ठेवावी, तसं. "त्यांच्या मशिनीत आपला पसारा कशाला?" ती म्हणायची. बहीण झाली तरी दुसऱ्याचं घर, ही शिकवण तिच्या आईची. त्यामुळे पहिल्या तीन प्रकरणांचे कच्चे कागद घरी होते, पण शेवटची दोन तिनं थेट टाइप केली होती, आणि ती जगात एकाच ठिकाणी होती, त्या काळ्या तुकड्यात.

प्रबंध दसऱ्यानंतरच्या सोमवारी द्यायचा होता. हे शिक्षण तिनं याआधी दोनदा सोडलं होतं, एकदा मुलाच्या आजारपणात आणि एकदा माझ्या आईच्या. "या सोमवारी नाही दिला तर मी काही पुढच्या वर्षी परत बसणार नाही," असं तिनं मला भाकरी थापताना सांगितलं होतं. ती बोलते तसं करते. म्हणून मला त्या वाक्याची धास्ती होती.

खंडेनवमीला साडूंच्या घरी मोठी पूजा असते. फौंड्रीतली पूजा उरकून ते घरी येतात आणि दिवाणखान्यात पाट मांडून घरातली सगळी हत्यारं ठेवतात. पाने, पकडी, कोयता, आणि अलीकडे कॉम्प्युटरसुद्धा, झेंडूची माळ घातलेला. बायको दुपारी मदतीला म्हणून गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या पर्समध्ये ती सोनाराची पिशवी रिकामी होती.

"पेनड्राइव्ह कुठं आहे?" मी विचारलं.

"आक्काकडे. पूजेत ठेवला. आता उद्या सोनं वाटून झाल्यावरच हलवायचा."

आक्का म्हणजे तिची बहीण. पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही हे मलाही मान्य आहे. पण माझ्या बायकोची वस्तू माझ्या साडूंच्या पाटावर, त्यांच्या कोयत्याशेजारी, त्यांच्या घरचं हत्यार म्हणून पूजा घेत होती, हे चित्र डोक्यातून जाईना. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी पाटाकडे बघायचंही टाळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती तिथं टायपिंगला गेली आणि थोड्याच वेळात माझ्या ऑफिसात आक्कांचा फोन आला. "पावणं, जरा येता काय? ही रडाय लागलीया."

मी गेलो तेव्हा साडू खुर्चीत होते, बायको त्यांच्या मागे पदर तोंडाला लावून उभी होती, आणि पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली होती. ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का?

"व्हायरस हाय," साडू म्हणाले. "फुल्ल व्हायरस. मघाशी लावला तवा फाइली दिसत हुत्या, पर उघडंनात. परत लावला तर नावं समदी चिनी भाषेत. आता तर म्हणतंय, डिस्कच कोरी हाय."

"मग?"

"मग काय, मशीन इचारतंय तसं करायचं. फॉरमॅट मारायचा. आमच्या फौंड्रीतल्या इंजिनेराकडं रिकव्हरीची सीडी हाय. गेलेलं समदं परत काढतीया."

"फॉरमॅट म्हणजे नक्की काय होतं?"

"म्हंजे पाटी पुसून कोरी."

"आधी पुसायचं आणि मग पुसलेलं वाचायचं?"

"तसंच असतंय ते, पावणं." ते हसले. "तुमच्या कीर्द-खतावणीगत न्हाय हे. कॉम्प्युटर हाय."

आक्कासुद्धा हसल्या. बायको हसली नाही, पण तिनं साडूंच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत मान हलवली. होकाराची मान होती ती. साडूंनी माऊसवर हात ठेवला.

मी वाकलो आणि पेनड्राइव्ह उपटून घेतला.

"अहो!" बायको म्हणाली. "तुम्हांला कळतंय का त्यातलं?"

आक्का चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"नाही कळत," मी म्हणालो. "म्हणूनच पुसायचं नाही."

अर्धं कारण खरोखर तेवढंच होतं. संस्थेत आकडा समजला नाही तर आम्ही तो खोडत नाही, बाजूला पेन्सिलीनं खूण करून ठेवतो. उरलेलं अर्धं कारण असं की तिची दोन वर्षं त्या माणसाच्या बोटाखाली होती आणि ते मला बघवत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," साडू आक्कांना म्हणाले. "पावण्यांचा हिशेब न्यारा असतोय."

घरी येताना बायको स्कूटरवर मागे बसली ती माझ्या खांद्याला न धरता स्टेपनीला धरून. रंकाळ्याच्या वळणावर मी म्हणालो, "सोमवारपर्यंत काहीतरी करतो." घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दाजींनी केलं असतं आत्तापर्यंत."

तो पेनड्राइव्ह रात्रभर माझ्या शर्टाच्या खिशात होता आणि मला त्याचं काहीही करता येत नव्हतं. कॉम्प्युटर नसलेल्या घरात पेनड्राइव्ह म्हणजे टोपण घातलेला प्लॅस्टिकचा तुकडा. सकाळी बायको शाळेत न जाता रजा टाकून बहिणीकडे गेली. चौथं प्रकरण जेवढं आठवेल तेवढं पुन्हा टाइप करते म्हणाली. जाताना पिशवीत डबाही भरून घेतला नाही. म्हणजे जेवणही तिथंच.

पतसंस्थेच्या मशीनवर खासगी काम करायचं नाही हा नियम मीच मांडून मंजूर करून घेतला होता. तो मोडायला मी मॅनेजरांची परवानगी घेतली. शनिवार होता, गर्दी कमी होती. आमच्याकडे तीन कॉम्प्युटर होते. पहिल्याला पेनड्राइव्ह लावला, त्यानं कालचाच प्रश्न विचारला, फॉरमॅट करायची का. मी नाही म्हटलं. दुसऱ्याला लावला, त्यानं काहीच विचारलं नाही. जणू आपण काही लावलंच नाही. तिसऱ्यावर फोल्डर दिसलं, नावं नीट दिसली, पण फाइल उघडायला गेलं की वाचता येत नाही असं म्हणून बंद. तो काढून मी परत त्याच तिसऱ्या मशीनला लावला. आता तेही गप्प. परत लावला, तर फॉरमॅट करायची का.

इथं मला जरा बसावंसं वाटलं. कॉम्प्युटरचं मला काही कळत नव्हतं, पण मोजण्याचं कळत होतं. कॅशमध्ये खरोखर शंभर रुपये कमी असतील तर कितीही वेळा मोजा, ते शंभरच कमी येतात. खरी चूक जागची हलत नाही. पण दर वेळी वेगळाच आकडा आला, तर पैसे ठीक असतात, मोजणारा चुकत असतो. नोटा तरी चिकटलेल्या असतात, नाही तर बोटं ओली असतात. फाइली खराब झाल्या असत्या तर एकाच मशीननं एकाच पेनड्राइव्हबद्दल तीन वेळा तीन गोष्टी सांगितल्या नसत्या. म्हणजे आतला माल जागेवर होता. मशीनची बोटं त्याला नीट लागत नव्हती.

मी टोपण काढून पेनड्राइव्ह खिडकीपाशी नेला. पुढचा लोखंडी भाग चौकोनी नळीसारखा असतो, आत एक पांढरी पट्टी आणि तिच्यावर सोनेरी पिनांच्या चार रेघा. मला दोनच रेघा दिसल्या. बाकीच्या दोन तांबड्या होत्या. नळीच्या काठालाही तांबूस पिवळा लेप बसला होता आणि कोपऱ्यात झेंडूच्या पाकळीचा तंतू अडकला होता.

हळद-कुंकू. पाण्यात कालवून लावलेलं, आणि दसऱ्यापर्यंत हात न लावता आत वाळू दिलेलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचं तर आनंद हा शब्द पुरा पडत नाही. फाइली सुखरूप असतील याचा आनंद होताच. पण त्याच्याही वर, जत्रेत नळी ताटात पडावी तसं काहीतरी होतं. कुंकू साडूंच्या पूजेतलं होतं. व्हायरस व्हायरस म्हणून ज्यांनी सगळ्यांना घाबरवलं, त्यांच्याच पाटावर हे झालं होतं. साडूंना ऐकवायचं वाक्य मी मनातल्या मनात तयार करायलाही लागलो.

शिक्के पुसायला ठेवलेलं स्पिरिट होतं. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून, पिळून, एकेक रेघ पुसली. कापूस तांबडा झाला, मग गुलाबी, मग पांढराच राहिला. जुन्या टूथब्रशनं कोपरे झाडले. चांगला वाळू दिला. मग तिसऱ्या मशीनला लावला.

सगळं फोल्डर आलं. पाचही प्रकरणं होती, परिशिष्टं होती, आलेखांची वेगळी फाइल होती. मी एकेक उघडून बघितली. फाँट नसल्यामुळे मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसत होता, पण आकडे आकडेच राहिले होते. चौथ्या प्रकरणात माझी टक्केवारी रांगेनं उभी होती. मी सगळ्याची एक प्रत आमच्या मशीनवर काढली, मॅनेजरांना सांगून सोमवारपर्यंत ठेवली, आणि स्कूटर काढली.

साडूंच्या घरी शनिवारची जेवणं नुकतीच झाली होती. बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती, डोळे सुजलेले, पुढ्यात पाठकोरे कागद. साडू सोफ्यावर पेपर वाचत होते. माझ्यासाठी आक्कांनी पाणी आणलं. मी ते प्यायलो नाही. आधी वाक्य म्हणायचं होतं.

"व्हायरस नव्हता," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बायको वळली.

"कुंकू होतं. आत, पिनांवर. पुसलं आणि सगळ्या फाइली उघडल्या." मग मी साडूंकडे वळलो. "तुमच्या पूजेतलं कुंकू, पावणं. कॉम्प्युटर म्हणजे काही कोयता नव्हे, की पाणी शिंपडलं आणि कुंकवाचं बोट फासलं."

साडूंनी पेपर खाली केला. ते हसले नाहीत. त्यांना न हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. उत्तर आक्कांनी दिलं.

"आवं, ह्यांनी कुठं हात लावलाय त्येला?" त्या म्हणाल्या. "हिनंच लावलं की. माझ्यासमूर. टोपण काढून."

मी बायकोकडे बघितलं.

"मीच लावलं," ती म्हणाली. "आधी वरून लावायला गेले, तर प्लॅस्टिकवर ठरेना. आणि कुंकू लोखंडाला लावतात. त्याला लोखंड तेवढंच आहे."

खंडेनवमीला कुंकू लोखंडाला लावतात हे बरोबर आहे. विळीला पात्यावर लावतात, लाकडाला नाही. माझ्यावर वेळ आली असती तर मीही टोपण काढून तिथंच बोट टेकवलं असतं, कदाचित जास्तच काळजीपूर्वक. पण तयार केलेलं वाक्य वाया गेलं होतं आणि बोलायची उबळ राहिली होती.

"पण इथं कशाला मांडायचा?" मी म्हणालो. "आपल्या घरी पूजा नव्हती?"

"होती की," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आपल्या पूजेत तुमची स्कूटर होती. तुमचा कॅल्क्युलेटर होता. तुमचे पाने होते. आणि माझी म्हणून विळी." ती पुन्हा पडद्याकडे वळली. "इथं कॉम्प्युटरशेजारी जागा होती. म्हटलं, माझं हत्यार हे आहे."

आक्का आत निघून गेल्या. साडूंनी पेपरची घडी घातली, परत उघडली. मी उभाच होतो, खिशात हात घालून.

"द्या तो इकडं," बायको म्हणाली.

मी दिला. तिनं तो आधी उलटा लावला, मग सुलटा. फोल्डर आलं. इथं फाँट होता, त्यामुळे सगळं मराठीत आलं. तिनं पाचवं प्रकरण उघडलं, खाली गेली, वर आली, शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि तिच्या तोंडातून एक लांब श्वास सुटला. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या मशीनवर आपला पसारा ठेवला. सगळं फोल्डर उचलून साडूंच्या कॉम्प्युटरवर टाकलं, आणि त्याला आपलं नाव दिलं.

"दाजी, हे सोमवारपर्यंत राहू दे हं इथं."

"ऱ्हाऊ दे की. कायमचं ऱ्हाऊ दे," साडू म्हणाले.

माझ्या ऑफिसातही एक प्रत आहे, हे मी सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली. दोन्ही प्रतींना तिनं सारखंच बरं म्हटलं.

"आता बाहेर व्हा सगळे," ती म्हणाली. "अजून संदर्भसूची राहिलीय. दाजी, तुम्हीसुद्धा."

आम्ही दोघं व्हरांड्यात येऊन बसलो. आक्कांनी दोन कप चहा आणून ठेवला. साडू म्हणाले, "बरं झालं पावणं, तुम्ही उपटून नेला त्यो. म्या तर फॉरमॅट मारलाच हुता. पाप लागलं असतं."

हे ते इतक्या सरळ बोलले की मला त्याचाही हेवा वाटला. मी ते वाक्य म्हणायच्या आधी चार वेळा खोडलं असतं.

"मला काय कळतंय?" मी म्हणालो. "अंदाज लागला."

"अंदाज न्हवं. डोस्कं हाय तुमच्याकडं." त्यांनी बशीत चहा ओतला. "आमच्या फौंड्रीत जुनी मशिनं निघणार हायती. एक बघू काय तुमच्यासाठी? स्वस्तात पडंल."

"नको," मी म्हणालो. "मी बघतो."

प्रबंध सोमवारी वेळेत गेला. बाईंनी निकालाच्या वेळी निष्कर्षांचं कौतुक केलं, असं बायकोनं मला आणि साडूंना एकाच दिवशी सांगितलं, त्यांना फोनवर आणि मला घरी. पण मला आठवतो तो व्हरांडाच. आम्ही चहा पीत होतो आणि आतून तिच्या टायपिंगचा आवाज येत होता. थांबत, मग एकदम पळत, मग एक मोठं बटण दाबल्याचा ठोका, आणि परत पळत. त्यात कुठंही अडखळ नव्हती. ज्या बाईला मी रविवारी आकडे हळूहळू वाचताना ऐकत होतो, तिच्या हातांना इतका वेग आहे हे मला माहीत नव्हतं.

"फास्ट हाय की न्हाय आमची मेव्हणी?" साडू म्हणाले. "रोज असंच. म्या हितं पेपर वाचत बसतो, आन आत हे चालूच."

मी मान डोलावली आणि कप तोंडाला लावला. त्यांना तो आवाज रोजचा होता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो.